अंगठीची गोष्ट पडद्यावर : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जे. आर. आर. टॉल्कीनची ही कादंबरी वाचणाऱ्यांकडून आणि नुसते पीटर जॅक्सनचे तीन सिनेमेच पाहिलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी आणलेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे, फक्त चार शब्द सौम्य केलेत (फारामिर या पात्राबद्दल लिहिताना लोकांचा तोल जातो). उत्तरांत कथेचा शेवट उघड होतो. ज्यांना गोष्ट अजिबात माहीत नाही त्यांनी पहिले चार प्रश्न वाचून थांबावं.

१. आधी पुस्तक वाचू की आधी सिनेमा पाहू?

निदान पहिला टप्पा, म्हणजे ज्याच्याकडे ती घातक अंगठी येते तो फ्रोडो (हॉबिट नावाच्या बुटक्या जमातीतला नायक) अमर एल्फांच्या रिव्हेन्डेलला पोहोचेपर्यंतचा भाग, पुस्तकातून वाचा आणि मग पहिला सिनेमा लावा. कारण साधं आहे. एकदा सिनेमा पाहिला की फ्रोडोला एलायजा वुडचे डोळे चिकटतात ते कायमचे. तेवढी पानं तरी तुमचा स्वतःचा फ्रोडो असू द्या.

सुरुवातीची शंभरेक पानं संथ आहेत. तिथे अडखळून पुस्तक कपाटात परत ठेवणारे खूप आहेत. मीही दोनदा ठेवलं होतं. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवाद आहे.

२. पुस्तकं तीन, म्हणून सिनेमे तीन. बरोबर ना?

नाही. टॉल्कीननं एकच कादंबरी लिहिली, तिचे आतून सहा भाग आहेत. महायुद्धानंतर कागद महाग होता आणि एवढा जाडजूड ग्रंथ खपेल याची प्रकाशकाला खात्री नव्हती, म्हणून १९५४ आणि १९५५ मध्ये ती तीन खंडांत निघाली.

सिनेमेही आधी तीन नव्हतेच. दिग्दर्शक पीटर जॅक्सन मिरामॅक्स कंपनीबरोबर काम करत होता तेव्हा पटकथा दोन सिनेमांची होती. खर्चाचा अंदाज वाढल्यावर १९९८ मध्ये कंपनीनं सगळं एकाच सिनेमात बसवा म्हणून सांगितलं. जॅक्सननं नकार दिला आणि मोजक्या आठवड्यांत दुसरा निर्माता शोधण्याची मुदत मिळवली. न्यू लाइन या कंपनीच्या बॉब शे यांनी त्याची चित्रफीत पाहून उलट विचारलं की पुस्तकं तीन आहेत, तर सिनेमे दोनच का? पुढचं चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० असं सलग झालं, तिन्ही सिनेमांचं एकदम.

३. सिनेमा व्हावा असं टॉल्कीनला वाटत होतं का?

‘कला नाहीतर पैसा’ असं त्याचं आणि प्रकाशकाचं धोरण ठरलेलं होतं. एक तर गोष्टीतल्या बदलांवर लेखकाचा पूर्ण अधिकार द्या, नाहीतर भरपूर पैसे मोजा. १९५७ मध्ये अमेरिकेहून ॲनिमेशनपटाचा एक आराखडा आला. टॉल्कीननं तो ओळीओळीला वाचला आणि १९५८ च्या एका पत्रात त्याची सालं काढली. गरुडांना ऊठसूट टांगा जुंपल्यासारखं वापरलंय, एल्फांच्या पावाचं ‘अन्नसार’ करून टाकलंय, अशा तक्रारी त्यात आहेत.

त्या पत्रातला एक मुद्दा मला फार आवडतो. एन्टांचा, म्हणजे चालत्याबोलत्या वृक्षपालांचा भाग आणि हेल्म्स डीपची लढाई, दोन्हींना पुरेशी जागा देता येत नसेल तर लढाई काढा, ती मूळ गोष्टीला अनुषंगिक आहे, असं तो म्हणतो. जॅक्सननं नेमकं उलटं केलं. पुस्तकातलं एक प्रकरण त्यानं दुसऱ्या सिनेमाचा कळस केला आणि त्यासाठी कित्येक महिने रात्रीचं चित्रीकरण केलं.

शेवटी १९६९ मध्ये टॉल्कीननं चित्रपटाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्सला विकले. १९७३ मध्ये तो गेला, तोवर एकही सिनेमा झालेला नव्हता.

४. जॅक्सनच्या आधी कोणीच प्रयत्न केला नव्हता?

केला होता, बऱ्याच जणांनी. जॉन बूरमननं १९७० च्या सुमारास सगळी कादंबरी एकाच सिनेमात कोंबणारी पटकथा लिहिली, ती बासनात गेली. राल्फ बाक्शीचा ॲनिमेशनपट १९७८ मध्ये आला. त्यात आधी खऱ्या नटांचं चित्रीकरण करून त्यावरून चित्रं गिरवली होती. तो हेल्म्स डीपपाशी संपतो, पुढचा भाग निघालाच नाही, आणि ‘भाग पहिला’ असं जाहिरातीत न लिहिल्यामुळे प्रेक्षक चिडले. १९९१ मध्ये लेनिनग्राड टीव्हीनं एक आवृत्ती केली. ती कित्येक वर्षं हरवल्यात जमा होती, २०२१ मध्ये यूट्यूबवर आली. कमालीची स्वस्त आणि कमालीची विचित्र आहे, जरूर बघा.

मला या सगळ्यांत मोलाचं वाटतं ते बीबीसी रेडिओचं १९८१ चं श्राव्यरूप. अर्ध्या अर्ध्या तासाचे २६ भाग. त्यात फ्रोडोचा आवाज इयन होमचा आहे, आणि वीस वर्षांनी तोच जॅक्सनच्या सिनेमात फ्रोडोचा म्हातारा नातलग बिल्बो झाला. रंगमंचावरही ही गोष्ट आली. २००६ मध्ये टोरांटोला झालेल्या संगीत नाटकाच्या संगीतकारांत आपले ए. आर. रहमान होते.

५. पुस्तक जसंच्या तसं का नाही केलं? एवढे तास तर हातात होते!

तास होते, पण सिनेमाचं घड्याळ वेगळं चालतं. एकच उदाहरण घ्या. बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी होते आणि फ्रोडो अंगठी घेऊन घर सोडतो, यांच्यामध्ये पुस्तकात सतरा वर्षं जातात. घर सोडताना फ्रोडो पन्नाशीचा असतो. पुस्तकात हे चालतं. वाचक पुस्तक मिटून जेवून येतो, त्याला त्या सतरा वर्षांचं ओझं होत नाही. सिनेमात मात्र अंगठीच्या शोधात शत्रूचे काळे घोडेस्वार निघाले म्हटल्यावर ते आत्ताच यायला हवेत. म्हणून जादूगार गॅन्डाल्फ घोड्यावरून जातो, दप्तरातले जुने कागद चाळतो आणि परत येतो. प्रेक्षकाला ते काही आठवड्यांचं काम वाटतं. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा एलायजा वुड अठरा वर्षांचा होता.

दुसरं म्हणजे रिव्हेन्डेलच्या एल्रॉन्डची सभा. पुस्तकातल्या सगळ्यांत लांब प्रकरणांपैकी ते एक. लोक बसलेत आणि एकामागून एक इतिहास सांगताहेत. आपल्याकडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं, फक्त विषय जगबुडीचा. वाचायला मला ते प्रकरण अतिशय आवडतं, पण पडद्यावर चाळीस मिनिटं खुर्च्या दाखवता येत नाहीत. म्हणून त्यातला जुना इतिहास उचलून सिनेमाच्या अगदी सुरुवातीला एल्फराणी गॅलाड्रिएलच्या आवाजात लढाईसकट दाखवला.

तेव्हा बदल किती झाले हे मोजत बसून हाती काही लागत नाही. मी एकच कसोटी लावते. ही सगळी कादंबरी एका दयेवर उभी आहे. अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या गॉलमला बिल्बोला मारता आलं असतं, त्यानं मारलं नाही. फ्रोडोनंही मारलं नाही, शेवटी त्याचा सोबती सॅम, त्यानंही नाही. आणि अंगठी नष्ट करण्याच्या ऐन क्षणी फ्रोडो हरतो तेव्हा हा जिवंत ठेवलेला गॉलमच ते काम पुरं करतो. एखाद्या बदलानं ही दयेची वीण घट्ट झाली की उसवली, एवढंच मी बघते. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हेच आहे.

६. माझी आवडती वाक्यं गायब आहेत. कुठे गेली?

बरीचशी गेलेली नाहीत, त्यांनी घर बदललंय. पटकथाकार फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयेन्स आणि जॅक्सन यांची ही सवय होती, की प्रसंग कापला तरी त्यातलं चांगलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी द्यायचं.

सगळ्यांत महत्त्वाचं घरबदल गॅन्डाल्फच्या बोलण्याचं. बिल्बोनं त्या गॉलमला तेव्हाच मारलं असतं तर बरं झालं असतं, असं फ्रोडो म्हणतो आणि गॅन्डाल्फ त्याला दयेबद्दल सांगतो. पुस्तकात हे दुसऱ्याच प्रकरणात, फ्रोडोच्या घरी, वसंतातल्या सकाळी होतं. सिनेमात ते मोरियाच्या अंधाऱ्या खाणीत नेलंय. सगळे थांबलेत, गॅन्डाल्फला वाट आठवत नाहीये, आणि खाली दगडांवरून गॉलम खरोखरच सरपटतोय. पुढच्या काही मिनिटांत गॅन्डाल्फ दरीत कोसळणार आहे, म्हणजे हे बोलणं जवळजवळ त्याचं मृत्युपत्र होतं. इथे सिनेमा पुस्तकाच्या पुढे गेला असं मी बेधडक म्हणते.

आणखी दोन. राजाची भाची एओविन हिच्या एकटेपणाबद्दल पुस्तकात गॅन्डाल्फ जे कळवळून बोलतो, तेच शब्द सिनेमात राजाचा कपटी सल्लागार वर्मटंग तिच्या कानाशी पुटपुटतो. शब्द तेच, पण आता ते ऐकून अंगावर काटा येतो. आणि दूरवरच्या हिरव्या प्रदेशाचं जे वर्णन पुस्तकात फ्रोडोच्या स्वप्नात आणि शेवटच्या प्रवासात निवेदकाकडून येतं, ते गॅन्डाल्फ मिनास टिरिथ नगरीच्या वेढ्यात घाबरलेल्या पिपिन या हॉबिटला मृत्यूबद्दल सांगताना वापरतो.

७. टॉम बॉम्बाडिलला का काढलं?

कारण त्याच्यावर अंगठीचा परिणाम होत नाही. ती भयंकर आहे हे प्रेक्षकाला नुकतं पटवलेलं असताना एक निळ्या कोटातला गाणारा गृहस्थ येऊन ती बोटात घालून हसतो, म्हणजे सगळी भीती फुकट. पुस्तकात त्यानं जग मोठं होतं, सिनेमात धोका छोटा झाला असता. त्याच्या जंगलातला झाडाचा प्रसंग दुसऱ्या सिनेमाच्या वाढीव आवृत्तीत ट्रीबियर्ड या एन्टाकडे गेलाय (प्रश्न ६ मधलाच प्रकार).

८. नदीकाठी आर्वेन कशी? तो तर ग्लोरफिन्डेल होता.

हो, जखमी फ्रोडोच्या मदतीला सिनेमात एल्रॉन्डची मुलगी आर्वेन येते, पुस्तकात ग्लोरफिन्डेल हा एल्फ. तो येतो, घोडा देतो आणि पुढे गोष्टीत त्याला फारसं काम नाही. आर्वेन आणि पुढे राजा होणारा ॲरागॉर्न यांची प्रेमकथा मात्र मुख्यतः परिशिष्टात आहे. आर्वेन तिसऱ्या सिनेमात एकदम लग्नाला उभी राहिली असती तर प्रेक्षकांनी विचारलं असतं, ही कोण? तिला पहिल्याच सिनेमात एक धाडस दिलं ते योग्यच झालं. पुढे तिला हेल्म्स डीपच्या लढाईतही उतरवायचं ठरलं होतं, थोडं चित्रीकरणही झालं होतं, ते नंतर काढलं. तिथे मात्र वाचलो.

९. फारामिरचं असं वाटोळं का केलं?

सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत तापलेली पत्रं याच विषयावर येतात.

पुस्तकातला फारामिर सांगतो की ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि फ्रोडो-सॅमला जाऊ देतो. सिनेमातला फारामिर त्यांना बांधून ओस्गिलिआथ शहरापर्यंत नेतो, अंगठी बापाकडे पाठवायचं ठरवतो आणि मग उशिरा त्याचं मन बदलतं.

पटकथाकारांची बाजू दोन मुद्द्यांची आहे. एक, आपण दोन सिनेमे घसा कोरडा करून सांगितलं की अंगठी भल्याभल्यांना फिरवते. मध्येच एक जण सहज ‘नको’ म्हणाला की तिची धार गेली. दोन, महाकाय कोळीण शीलॉब तिसऱ्या सिनेमात ढकलली होती (का, ते प्रश्न ११ मध्ये), त्यामुळे दुसऱ्या सिनेमाच्या शेवटी फ्रोडोवर काहीतरी मोठं संकट हवंच होतं.

दोन्ही मुद्दे पटकथा म्हणून बिनचूक आहेत. किंमत मात्र मोठी पडली. बोरोमिर आणि फारामिर हे दोन भाऊ आहेत, एकाच बापाचे, एकाच घरात वाढलेले, आणि एकाच मोहासमोर दोन टोकांना उभे राहिलेले. बोरोमिर मोहाला बळी पडतो तो अंगठी अजिंक्य आहे म्हणून नाही, हे आपल्याला फारामिरमुळे कळतं. सिनेमात तो फरक पुसट झाला. वाढीव आवृत्तीत दोघा भावांचा आणि बापाचा एक आठवणीचा प्रसंग आहे. त्यानं फारामिर का असा वागतो ते तरी कळतं. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत तेवढंही नव्हतं.

१०. फ्रोडो सॅमला ‘घरी जा’ म्हणतो ते पुस्तकात मला सापडत नाही.

सापडणार नाही. पुस्तकात दोघे मिळूनच शीलॉबच्या बोगद्यात शिरतात. गॉलमनं पाव फेकून सॅमच्या अंगावर चुरा टाकणं आणि तो सॅमनंच खाल्ला यावर फ्रोडोचा विश्वास बसणं, हे सगळं सिनेमाचं.

माझ्या मते तिन्ही सिनेमांतला हा सगळ्यांत वाईट बदल आहे, फारामिरपेक्षाही. घातलंय ते चुकीचं आहेच, पण बोगद्याकडे चढणाऱ्या त्याच जिन्यावरचं जे काढलंय ते जास्त दुखतं. पुस्तकात तिथे फ्रोडो आणि सॅम दमून झोपलेत. गॉलम परत येतो, त्यांना तसं पाहतो, आणि त्याचा चेहरा बदलतो. तो क्षणभर नुसता एक थकलेला म्हातारा होतो. हात पुढे करून हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो. इतक्यात सॅम जागा होतो आणि काय चोरासारखं चाललंय म्हणून खेकसतो. गॉलमचे डोळे परत हिरवे होतात. संपलं.

तो सुधारला असता. सॅम दुष्ट नाही, फक्त दमलेला आणि संशयी आहे, आणि तेवढ्यानं एक जीव हातचा जातो. टॉल्कीननं एका पत्रात हाच क्षण आपल्या दृष्टीनं कदाचित सगळ्यांत शोकात्म असल्याचं लिहिलंय. अँडी सर्किसनं दुभंगलेला गॉलम इतका जबरदस्त उभा केलाय की हे दहा सेकंदांत त्यानं करून दाखवलं असतं. त्याऐवजी आपल्याला पावाचा चुरा मिळाला.

११. पुस्तकात शीलॉब दुसऱ्या खंडात आहे, सिनेमात तिसऱ्यात. हे काय?

पुस्तकात दुसरा खंड दोन तुकड्यांत आहे. आधी सगळी ॲरागॉर्न मंडळी, मग सगळा फ्रोडो. तिकडचं चालू असताना इकडचं अवाक्षर नाही. सिनेमात हे आलटून-पालटून दाखवावं लागलं, नाहीतर दीड तास नायकच गायब. आणि एकदा तारखा जुळवून समांतर गोष्ट सांगायला घेतली की शीलॉबचा प्रसंग मिनास टिरिथच्या वेढ्याच्या वेळेला येतो, म्हणजे तिसऱ्या सिनेमात. ज्या न्यायानं ती पुढे गेली त्याच न्यायानं बोरोमिरचा मृत्यू मागे, पहिल्या सिनेमाच्या शेवटी आला. तिथे तो चपखल बसला.

आलटून-पालटून सांगण्याचा एक तोटा फारसं कोणी सांगत नाही. शत्रूच्या मुलखाच्या काळ्या दरवाजापाशी त्याचा दूत फ्रोडोची मिथ्रिल धातूची बंडी दाखवतो. पुस्तकात वाचकाला तेव्हा फ्रोडोचं पुढे काय झालं ते माहीतच नसतं. तो कैदेत पडला, एवढंच आपण शेवटचं वाचलेलं असतं. छाती धडधडते. सिनेमात फ्रोडो सुटल्याचं आपण आधीच पाहिलंय, म्हणून त्याच प्रसंगात दम उरला नाही आणि तो फक्त वाढीव आवृत्तीत राहिला.

१२. गॉलम पाय घसरून पडतो की फ्रोडो त्याला ढकलतो?

पुस्तकात अंगठी परत मिळाल्याच्या आनंदात नाचताना त्याचा तोल जातो. फ्रोडो बाजूला बोट तुटून पडलेला आहे. सिनेमात फ्रोडो उठून पुन्हा अंगठीसाठी झटतो आणि झटापटीत दोघे कड्यावरून जातात. फ्रोडो कसाबसा लटकून राहतो.

आधी चित्रीकरण झालं होतं त्यात फ्रोडो गॉलमला सरळ ढकलत होता. तो सरळसरळ खून वाटला म्हणून नंतर पुन्हा चित्रित केलं. बरं झालं. तसं राहिलं असतं तर मोरियातल्या बोलण्याचा (प्रश्न ६) काही अर्थच उरला नसता. आताचा शेवट मधला आहे. फ्रोडो अंगठी टाकायला गेलेला नसतो, हिसकावायला गेलेला असतो, म्हणजे तो हरलाय हे कायम राहतं. पडद्यावर नायक हरल्याचं इतकं स्वच्छ दाखवायला धाडस लागतं.

१३. गरुडांवर बसून सरळ गेले असते तर?

हा प्रश्न पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. असो. आकाशात अंगठी घडवणाऱ्या साउरॉनची नजर आहे आणि उडते स्वार आहेत. गरुड कोणाचे नोकर नाहीत. आणि सगळा डाव गुपचूप जाण्याचा आहे. प्रश्न ३ मधल्या त्याच पत्रात टॉल्कीननं गरुड हे धोक्याचं साधन आहे, ते मी अगदी जपून वापरलंय, असं म्हटलंय. म्हणजे ही अडचण त्याच्या डोक्यात तुमच्याआधी साठ-सत्तर वर्षं होती.

१४. शेवटी घरी परतल्यावर शायरमध्ये लढाई का नाही?

पुस्तकात चौघे हॉबिट परत येतात तर दुष्ट जादूगार सारुमाननं त्यांच्या गावाची नासाडी केलेली असते. झाडं तोडलेली, गिरणीचा धूर, पावलोपावली नियमांचे फलक. हा भाग कथेला आवश्यक आहे आणि पहिल्यापासून मनात होता, असं टॉल्कीननं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय. सिनेमात त्याची फक्त एक झलक पहिल्या भागात गॅलाड्रिएलच्या आरशात दिसते.

मला तो भाग पुस्तकात हवाच आहे, पण सिनेमात अंगठी वितळल्यावर आणखी एक युद्ध प्रेक्षकानं सोसलं नसतं. आधीच शेवट किती वेळा होतो म्हणून लोक हसतात. त्याऐवजी जॅक्सननं पिठ्यातला एक प्रसंग दिला. चौघे एका टेबलाशी बसलेत, आजूबाजूला गाव नेहमीसारखं हसतंखिदळतंय, भोपळ्याचं कौतुक चाललंय, आणि यांच्याकडे कोणी बघतही नाही. चौघे एकमेकांकडे बघतात आणि गुपचूप पेले उचलतात. पुस्तकात हे नाही, पण त्यातला परकेपणा पुस्तकाचाच आहे.

सारुमानचा मृत्यू त्यामुळे ऑर्थांकच्या मनोऱ्यावर आणला, आणि तोही चित्रपटगृहातल्या आवृत्तीतून कापला. सारुमान झालेला ख्रिस्तोफर ली त्यावर भयंकर नाराज झाला होता. खुद्द टॉल्कीनला भेटलेला तो या चमूतला एकमेव नट होता, तेव्हा त्याचं रुसणं समजू शकतं.

१५. हॉबिट बुटके कसे दाखवले? सगळं संगणकावर?

बरंचसं जुन्या नजरबंदीवर. गॅन्डाल्फ आणि फ्रोडो गाडीत शेजारी बसलेत असं वाटतं तो प्रसंग आठवा. प्रत्यक्षात फ्रोडो बराच मागे बसलाय आणि गाडीची बैठक तशी बनवलेली आहे. कॅमेरा समोरून पाहतो, म्हणून अंतर दिसत नाही, उंचीच कमी दिसते. बॅग एन्डमधलं, म्हणजे फ्रोडोच्या घरातलं टेबलही असंच दोन मापांचं, जोडलेलं. एरवी कॅमेरा हलला की ही युक्ती उघडी पडते. इथे कॅमेऱ्याबरोबर नट बसलेला भागच सरकवायचा, अशी यंत्रणा केली. ते घरही दोन आकारांत बांधलं होतं, हॉबिटांना बेताचं आणि गॅन्डाल्फचं डोकं आढ्याला आपटेल असं.

लांबच्या दृश्यांत फ्रोडोच्या जागी बऱ्याचदा किरण शाह आहेत, नैरोबीत जन्मलेले भारतीय वंशाचे नट. आणि एक गंमत. बुटका गिम्ली झालेला जॉन ऱ्हीस-डेव्हिस सहा फुटांहून उंच आहे. त्यामुळे तो हॉबिटांच्या शेजारी उभा राहिला की प्रमाण आपोआप बरोबर दिसायचं. पाचही जणांना एकदमच ‘लहान’ करता यायचं.

१६. त्या प्रचंड सैन्याचा आवाज कुठून आणला?

क्रिकेटच्या मैदानातून. २००२ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामन्याच्या मधल्या सुट्टीत जॅक्सन मैदानात उतरला, मोठ्या पडद्यावर ऑर्कांच्या, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांच्या भाषेतले शब्द दाखवले आणि सुमारे पंचवीस हजार प्रेक्षकांकडून ते ओरडून घेतले, छाती बडवून, पाय आपटून. हेल्म्स डीपसमोर गर्जणारी फौज म्हणजे सामना बघायला आलेली माणसं. पडद्यावरची गर्दी ‘मॅसिव्ह’ नावाच्या प्रणालीनं केली. तिच्यात प्रत्येक सैनिक आजूबाजूचं बघून आपली हालचाल स्वतः ठरवतो.

१७. मनातलं पडद्यावर कसं आणतात? अंगठीचा मोह दिसतो कसा?

एकच प्रसंग दोन्हीकडे पाहा. पुस्तकात बिल्बो अंगठी पाकिटात घालतो. घड्याळाजवळ ठेवायला जातो, तेवढ्यात त्याचा हात झटक्यानं मागे येतो आणि पाकीट जमिनीवर पडतं. तो उचलण्याआधी गॅन्डाल्फ वाकून ते घेतो आणि जागेवर ठेवतो.

सिनेमात बिल्बो दारात उभा राहून मूठ उघडतो. तळहात अगदी हळू, नको नको म्हणत कलतो. अंगठी घरंगळते, जमिनीवर पडते आणि उसळत नाही. एखादं वजन पडावं तसा ठप्प आवाज येतो आणि ती तिथेच चिकटल्यासारखी राहते. एवढीशी अंगठी केवढी जड आहे, ते त्या न उसळण्यातून कळतं, कोणी काही बोलत नाही. आणि सिनेमातला गॅन्डाल्फ ती उचलायला वाकतो, पण उचलत नाही. टॉल्कीनच्या गॅन्डाल्फला पाकिटाचा आडोसा होता. इथे तो आडोसा काढून घेतला आणि त्याची भीती दाखवली.

१८. चित्रपटगृहातली आवृत्ती बघू की वाढीव?

पहिल्यांदा बघत असाल तर चित्रपटगृहातली, तिन्ही मिळून सुमारे सव्वानऊ तास. पुस्तक वाचलेलं असेल तर वाढीव, अकरा तासांहून जास्त. अपवाद दुसऱ्या सिनेमाचा. तो पहिल्यांदाही वाढीवच बघा, फारामिरसाठी (प्रश्न ९).

१९. मग ‘द हॉबिट’ का फसला?

मोठ्या कादंबरीचे नऊ तास आणि तीनेकशे पानांच्या बालकादंबरीचे जवळपास आठ. हिशेब तुम्हीच करा. आधी दोन सिनेमे ठरले होते, २०१२ मध्ये तीन केले. इथे कात्री नव्हे, फुंकणी लागली. मार्टिन फ्रीमनचा बिल्बो आणि अंधारातल्या कोड्यांचा प्रसंग मात्र सुरेख आहे. गॉलमच्या मानेवर तलवार रोखून बिल्बो थांबतो, तो चेहरा बघाच.

२०. आम्हाला यावर मराठी नाटक किंवा लघुपट करता येईल का?

टॉल्कीन १९७३ मध्ये गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०३३ च्या अखेरपर्यंत. ब्रिटनमध्ये सत्तर वर्षं, म्हणजे २०४३. त्यामुळे तुमचा लघुपट यूट्यूबवर गेला की जगभर गेला, आणि तिथे भारतातला हिशेब पुरत नाही. शिवाय नावांचे व्यापारचिन्ह म्हणून हक्क वेगळे असतात, ते मुदतीनं संपत नाहीत. जॅक्सनच्या सिनेमातले बदल, संवाद, वेशभूषा हे तर स्वतंत्रच. टॉल्कीनच्या ‘सिल्मरिलियन’ या दुसऱ्या पुस्तकाचे चित्रपट-हक्क टॉल्कीन कुटुंबानं विकलेलेच नाहीत, म्हणून २०२२ ची ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिकासुद्धा मुख्यतः परिशिष्टांवर बेतावी लागली.

२१. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात दहा मिनिटांचा प्रसंग?

विद्यार्थी आणि शिक्षकांनीच सादर करायचा आणि समोर पालक, शिक्षक, विद्यार्थीच असतील, तर अशा सादरीकरणाला आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावू नका, चित्रीकरण करून कुठे टाकू नका, आणि संहिता सिनेमातून न उचलता पुस्तकावरून स्वतः बेता.

लढाया घेऊ नका, पुठ्ठ्याच्या तलवारी दुसऱ्या मिनिटाला वाकतात. प्रश्न १७ मधला पाकिटाचा प्रसंग घ्या. दोन मुलं, एक उंच आणि एक बुटका, टेबलावर एक घड्याळ. पाकिटात अंगठीऐवजी पितळेचं जड वजन ठेवा, खाली पडल्यावर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.